विसार ते नोंद : कोल्हारात घर घेताना मधल्या काळात काय घडतं

कोल्हारात घराचा व्यवहार ठरायला एक बैठक पुरते. दोन्हीकडची दोन-दोन माणसं, ओळखीतला मध्यस्थ, चहा, आणि आकड्यावर दोघांनी मान हलवली की बोलणी झाली. तिथून ते घर कागदोपत्री आपलं होईपर्यंत मात्र दोन-तीन महिने जातात, आणि कागदात गुंता निघाला तर वर्षही उलटतं. भाव काय लागला, रस्त्यापासून किती आत आहे, पाणी कुठलं आहे, यावर आपण तासन्‌तास बोलतो. विसार दिल्यावर कोणती गोष्ट कोणत्या क्रमानं व्हायला हवी, यावर कुणी बोलत नाही. बहुतेकांना ते स्वतःच्याच व्यवहारातून शिकावं लागतं आणि ती शिकवणी महाग पडते. या सगळ्या काळाचा आढावा घेताना मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. खरेदीदाराच्या शब्दाला वजन असतं ते याच दिवसांत, कारण मोठी रक्कम अजून त्याच्या खात्यात असते. शेवटचा चेक वटला की राहिलेल्या प्रत्येक कागदासाठी त्याला विनवण्या कराव्या लागतात.

कोल्हार नगर-मनमाड रस्त्यावरचं, प्रवरेकाठचं गाव. लोणी-संगमनेरकडे जाणारा कोल्हार-घोटी रस्ता इथूनच निघतो. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं, कालव्यांचं पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला, १९५०च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे लोणीला रुग्णालय, महाविद्यालयं उभी राहिली. त्यामुळे इथे घर घेणारी माणसं नाना प्रकारची आहेत. मळ्यातल्या वस्तीवरून मुलांच्या शाळेसाठी गावात येणारा ऊसवाला आहे, लोणीत नोकरी करणारी नर्स आहे, निवृत्त शिक्षक आहे, शिर्डीत धंदा असलेला आहे, पुण्यात राहून गावाकडे एक घर असावं असं वाटणारा आहे. व्यवहारांना हंगामही असतो. उसाचं पेमेंट झालं की बोलणी वाढतात, पितृपक्षात थांबतात, दसऱ्याला आणि पाडव्याला सह्या होतात. मार्चअखेरीस निबंधक कार्यालयात गर्दी उसळते, कारण १ एप्रिलपासून रेडी रेकनरचे दर बदलण्याची शक्यता असते.

पहिली खबरदारी गावाच्या नावाचीच घ्यावी लागते. नदीच्या एका काठावर कोल्हार बुद्रुक, तालुका राहाता. पुलापलीकडे कोल्हार खुर्द, तालुका राहुरी. बुद्रुकला चिकटून देवीचं भगवतीपूर, ते वेगळं गाव. बोलताना सगळंच ‘कोल्हार’ असतं. दस्तात मात्र गाव, तालुका, गट किंवा मिळकत क्रमांक आणि चतुःसीमा नेमक्या लागतात. जुन्या दस्तांचा शोध चुकीच्या गावाचा घेतला तर अहवाल कोरा येतो आणि खरेदीदार निर्धास्त होतो. त्यात २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, त्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर जिल्ह्याची नावंही वेगळी दिसतील. त्याला घाबरण्याचं कारण नाही, पण नव्या दस्तात दोन्ही नावांचा उल्लेख असलेला बरा.

आता विसार. बैठकीत अकरा हजार किंवा एकवीस हजार हातावर ठेवले जातात आणि साध्या कागदावर पावती होते. या पावतीनं घरावर कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीचा करार झाला म्हणून मिळकतीत हितसंबंध येत नाही, तो खरेदीखतानंच येतो. तरीही ही पावती निरर्थक नाही. आपल्याकडे तोंडी ठरलेला सौदाही कायद्यानं करार ठरू शकतो, फक्त तो सिद्ध करण्याचा भार सांगणाऱ्यावर पडतो. इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याचं नवल वाटतं. तिथे १९८९च्या कायद्यानुसार जमिनीच्या विक्रीचा करार लेखीच लागतो. देकार मान्य झाला तरी दोन्ही बाजूंनी सही केलेल्या करारांची वकिलांमार्फत अदलाबदल होईपर्यंत कुणीच बांधील नसतं, आणि मधल्या आठवड्यांत जास्त बोली लावणारा आला तर मालक सरळ त्याच्याकडे वळू शकतो. करारांची अदलाबदल झाली की साधारण दहा टक्के रक्कम भरायची आणि मग ठरल्या दिवशी ताबा. त्या पद्धतीत तपासणी आधी आणि बांधिलकी नंतर येते. आपल्याकडे बांधिलकी आधी येते आणि तपासणी, झालीच तर, नंतर. म्हणून विसार पावतीत एक वाक्य आग्रहानं घालून घ्यावं : कागदपत्रं निर्वेध न निघाल्यास विसाराची रक्कम अमुक दिवसांत परत द्यायची. हे वाक्य बैठकीत बोलताना संकोच वाटतो, समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. तरी बोलावं. प्रामाणिक विकणाऱ्याचं त्यात काही जात नाही.

पुढचा प्रश्न असा की आपण नेमकं काय विकत घेतोय. कोल्हारात घरं चार तऱ्हांची मिळतात आणि प्रत्येकीचा मधला काळ वेगळा असतो.

गावठाणातलं जुनं घर असेल तर विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवतो. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असणं म्हणजे कर त्या नावानं भरला जातो, एवढंच. मालकी त्यानं सिद्ध होत नाही, आणि सरकारी जागेवरच्या अतिक्रमित घराचाही असा उतारा निघू शकतो. केंद्र सरकारनं २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका आणि सनद देण्याचं काम होतंय. घराची मिळकत पत्रिका तयार झाली असेल तर आधी ती मागावी, नसेल तर जुनं खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसाचा कागद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पत्रिका नसलेल्या गावठाणातल्या घरावर राष्ट्रीयीकृत बँका सहसा कर्ज देत नाहीत. मग माणूस पतसंस्थेकडे वळतो आणि व्याजात पुष्कळ घालवतो.

दुसरी तऱ्हा बिगरशेती प्लॉटवरच्या रो-हाऊसची. इथे बिगरशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन, बांधकाम परवानगी आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिका एकमेकांशी जुळतात का, ते पाहायचं. बांधकाम करणारा विकासक असेल आणि प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त घरांचा असेल, तर महारेराची नोंदणी लागते. मग नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. लहान प्रकल्पांना हे संरक्षण नाही, आणि आपल्याकडचे बरेच प्रकल्प लहानच असतात.

तिसरी तऱ्हा मळ्यातल्या वस्तीवरच्या घराची. ती जमीन शेतीची असल्यानं घेणारा शेतकरी असावा लागतो, कूळ कायद्याचं कलम ६३ तसंच सांगतं. परदेशात राहणाऱ्या अनिवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली जमीन ठेवता येते, हा भाग वेगळा. अमेरिकेतल्या मुलाच्या नावानं मळा घ्यायचा विचार असेल तर तो इथेच थांबवावा.

चौथी तऱ्हा गुंठेवारीची. सर्वांत जास्त लोक अडकतात ते इथे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. १९४७ सालच्या तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. कालव्याखालच्या पट्ट्यात जमीन बागायती, आणि २०२३च्या अधिसूचनेनं बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे, जिरायतीचं २० गुंठे ठरवलं. घर बांधायला लोकांना हवा असतो एक-दोन गुंठे. त्यामुळे वर्षानुवर्षं पळवाटा चालल्या : दहा-अकरा जणांनी मिळून सामाईक खरेदी करायची, किंवा पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून ताबा द्यायचा. जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांच्या परिपत्रकानं अशा तुकड्यांचे दस्त बंद झाले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं, तरी गोंधळ मिटला नाही. झालेले व्यवहार नियमित करायला २०१७च्या दुरुस्तीनं बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम मागितली, ती २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आली आणि २०२५ मध्ये सरकारनं निवासी भागातले जुने व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याचं पाऊल उचललं. या काळातले दोन महसूलमंत्री, संगमनेरचे बाळासाहेब थोरात आणि लोणीचे राधाकृष्ण विखे पाटील, याच परिसरातले. इथल्या माणसाला हा प्रश्न किती जवळचा आहे, हे त्यांना कुणी वेगळं सांगायला नको होतं. तरी तो सुटायला इतकी वर्षं लागली, याचं वाईट वाटतं.

खरेदीदारानं यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘आता सगळं नियमित झालंय’ या तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नयेत. सातबाऱ्यावर ‘तुकडा’ असा शेरा आहे का, असल्यास तो कमी झाल्याचा फेरफार कुठे आहे, ते मागावं. आणि व्यवहार नियमित झाला म्हणजे त्यावरचं बांधकाम परवानगीचं झालं असं होत नाही. जागेच्या व्यवहाराची तपासणी वेगळी आणि बांधकाम परवानगीची वेगळी.

घर कोणत्याही तऱ्हेचं असो, कागदांमागची माणसं पाहावीच लागतात. नगर जिल्ह्यातल्या घरांचे बहुतेक वाद भाऊबंदकीतून आणि बहिणींच्या न झालेल्या सह्यांतून उभे राहतात. वडील गेले की ग्रामपंचायतीत थोरल्या मुलाचं नाव लागतं, कधी तिघा भावांची लागतात, बहिणींची लागत नाहीत. पण वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ मध्ये अविवाहित मुलींना जन्मानं हक्क दिला, ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सर्व मुलींना तो मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात होते की नव्हते, याला महत्त्व नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी तेवढी सुरक्षित. म्हणून उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत, त्यांच्या सह्यांवर भागत नाही. वंशावळ मागायची, आणि प्रत्येक बहिणीची सही खरेदीखतावर घ्यायची किंवा तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहायचं. ‘ताईला काही नको, ती कधी बोलणार नाही’ हे वाक्य भाऊ मनापासून म्हणत असेल. पण ताईनं ते स्वतः, समजून-उमजून, तिच्या वाट्याचं काय ते ठरवून म्हणायला हवं. त्यात खरेदीदाराची सुरक्षितता आहे आणि त्या बाईचा न्यायही आहे. सहवारसांना कायद्यानं आधी विकत घेण्याचा हक्क आहे, हेही विसरू नये. एखादा भाऊ परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं मुखत्यारपत्र लागतं. शिवाय विकणारा अनिवासी असेल तर रक्कम कितीही लहान असली तरी आयकर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

शोध, म्हणजे सर्च, वकील साधारण तीस वर्षांचा घेतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मुंबईबाहेरचे दस्त २००२ पासून दिसतात. त्याआधीचं राहात्याला किंवा जुन्या तालुक्याच्या दप्तरात हातानं पाहावं लागतं. सोबत सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचायचा. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, भोगवटादार वर्ग २, कूळ, इनामाचा शेरा, रस्ता किंवा कालव्याचं भूसंपादन, हे सगळं सातबाऱ्यावर उमटतं. नगर-मनमाड रस्त्यालगतचं घर असेल तर महामार्गाची हद्द आणि इमारत रेषा, आणि प्रवरेच्या बाजूचं असेल तर पूररेषा पाहायची. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम होत नाही आणि जुनं वाढवायला परवानगी मिळत नाही. न्यायालयात दावा चालू आहे का, तेही नावानं शोधता येतं. महाराष्ट्रात प्रलंबित दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवण्याची तरतूद आहे, पण ती नोंदवलेली नसली तरी वाद असू शकतो. शेजाऱ्यांशी बोलणं हा यातला सर्वांत स्वस्त आणि बरेचदा सर्वांत उपयोगी शोध आहे. बोळातून जाण्याचा रस्ता कुणाचा, भिंत कुणाची, सांडपाणी कुठे जातं, हे कोणत्याच उताऱ्यावर नसतं.

मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. सात किंवा पंधरा दिवसांत हरकत कळवावी, असं वकिलाच्या नावानं छापून येतं. नोटिशीनं कुणाचा हक्क आपोआप संपत नाही, पण खरेदीदारानं सद्भावनेनं चौकशी केली याचा पुरावा राहतो. आणि खरंच हरकत आली तर ती पैसे देण्याआधी आली, हे फार मोलाचं आहे. मोजणीही याच टप्प्यावर करून घ्यावी. भूमी अभिलेखकडे तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज विसारानंतर लगेच टाकावा.

बँकेचं कर्ज असेल तर घड्याळ बँकेच्या हाती जातं. बँकेचे वकील कागद पाहतात, मूल्यांककाचा माणूस घर पाहून जातो, मंजुरीपत्र येतं. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं, पण दहा लाखांवरच्या घरांच्या किमतीत मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च धरला जात नाही. तो पदरचा. मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत, तेव्हा साठेखतातली, म्हणजे विक्रीच्या करारातली मुदत ठरवताना पुरेसं अंतर ठेवावं. विकणाऱ्याच्या घरावर आधीचं कर्ज असेल तर ती रक्कम त्याच्या हाती न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरावी, आणि बोजा उतरल्याचा दाखला व मूळ कागद मिळेपर्यंत उरलेली रक्कम थांबवावी.

कागद बरे निघाले की साठेखत. इथे लोक काटकसर करतात आणि पुढे पस्तावतात. नोटरीपुढे केलेला कागद नोंदणीकृत होत नाही. नोंदणीकृत साठेखत सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे लोक ज्याला इंडेक्स टू म्हणतात त्यात दिसतं. त्यानंतर तेच घर दुसऱ्याला विकलं गेलं तर तो ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही. ताबा दिला किंवा द्यायचं ठरलं असेल तर साठेखतावरच पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं, आणि खरेदीखताच्या वेळी ते वजा होतं. म्हणजे खर्च दोनदा होत नाही, आधी होतो एवढंच. कमी मुद्रांकाचा कागद न्यायालय पुराव्यात घेत नाही आणि तुटीवर दरमहा दोन टक्के दंड चढतो. साठेखतात हप्ते तारखांना न बांधता कामांना बांधावेत : वारस नोंद झाली की इतके, बोजा उतरला की इतके, मोजणीची क प्रत हाती आली की इतके. विकणाऱ्याचं काम पुढे सरकलं की त्याचे पैसे सुटतात, आणि घेणाऱ्याची रक्कम कागदाच्या पुढे धावत नाही.

दरम्यान घराचं काही झालं तर? पावसात माळवदाची भिंत पडली, आग लागली, तर मालकी हस्तांतरित होईपर्यंतचं नुकसान कायद्यानं विकणाऱ्याचं असतं. पण खरेदीदार आधीच राहायला गेला असेल आणि कागदात काही लिहिलेलं नसेल तर भांडण अटळ आहे. खरेदीखताआधी राहायला जाण्याचा मोह टाळावा.

रोखीबद्दल स्पष्ट लिहितो. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला १ जून २०१५ पासून मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच आहे. तरीही ‘थोडे वरचे’ देण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्यात सर्वाधिक तोटा खरेदीदाराचा होतो. कर्ज कागदावरच्या किमतीवर मिळतं, व्यवहार मोडला तर कागदावरचेच पैसे मागता येतात, आणि उद्या घर विकताना कागदावरचा नफा फुगतो व त्यावर कर बसतो. किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का आयकर कापून भरायचा, तोही घेणाऱ्यानं.

मुद्रांकाचं गणित असं : ग्रामपंचायत हद्दीत, गाव प्रभावक्षेत्रात नसेल तर, तीन टक्के मुद्रांक आणि जिल्हा परिषदेचा एक टक्का. प्रभावक्षेत्रातल्या गावाला एक टक्का जास्त लागतो, म्हणून आधी तपासावं. शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर. नोंदणी शुल्क एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. तीस लाखांच्या घराला चार टक्क्यांनी एक लाख वीस हजार आणि वर तीस हजार. सगळे खरेदीदार महिला असतील तर राहत्या घरावर मुद्रांकात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे, म्हणजे इथे तीस हजार वाचतात. पुढे ते घर पुरुषाला विकण्यावर पूर्वी पंधरा वर्षांची अट होती, ती २०२३ मध्ये काढली गेली. माझ्या मते घर बायकोच्या किंवा आईच्या नावावर घ्यायला हे चांगलं निमित्त आहे, पण कारण तेवढंच नसावं.

व्यवहार मोडलाच तर काय? घेणारा मागे हटला की विसार बुडाला, असं लोक धरून चालतात. कराराच्या कायद्यात वाजवी नुकसानभरपाईची मर्यादा आहे आणि सगळी उचल जप्त करता येईलच असं नाही. विकणारा फिरला तर करारपूर्तीचा दावा करता येतो. २०१८च्या दुरुस्तीनंतर असा हुकूम देणं न्यायालयाच्या केवळ मर्जीवर राहिलेलं नाही. मुदत तीन वर्षं, साठेखतात ठरलेल्या तारखेपासून; तारीख नसेल तर नकार कळल्यापासून. पण आपण सतत तयार होतो आणि रक्कम हाताशी होती, हे दाखवावं लागतं. म्हणून मुदत संपण्याआधी वकिलामार्फत ‘अमुक दिवशी निबंधक कार्यालयात हजर राहावं’ अशी नोटीस पाठवावी आणि त्या दिवशी आपण हजर राहिल्याचा पुरावा ठेवावा.

खरेदीखताचा दिवस त्या मानानं सोपा. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरलेली असते, मुद्रांक आणि नोंदणी शुल्काचं चलन भरलेलं असतं. राहात्याच्या दुय्यम निबंधकापुढे आधार-पॅन, साक्षीदार, फोटो, अंगठे. डिमांड ड्राफ्टचे क्रमांक दस्तात लिहिलेले असावेत. विकणाऱ्यानंही इथे सावध राहायला हवं. पुढच्या तारखेचे चेक घेऊन खरेदीखत करून दिलं आणि ते वटले नाहीत, तर तेवढ्यावरून खरेदीखत रद्द होत नाही, राहिलेल्या रकमेच्या वसुलीचा दावा करावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. निबंधक दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही, ही गोष्ट खरेदीदारानं मनात पक्की ठेवावी. सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करायचा असतो.

बहुतेकजण या दिवशी पेढे वाटतात आणि थांबतात. पण निबंधक, महसूल आणि ग्रामपंचायत अशी तीन दप्तरं वेगवेगळी आहेत आणि एकातली नोंद दुसऱ्यात आपोआप पूर्ण होत नाही. निबंधकाकडून माहिती ऑनलाइन जाते, फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी, पण काम त्याच दोन कार्यालयांत असतं. मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेखकडे, आणि नमुना ८ वर नाव लावायला ग्रामपंचायतीकडे इंडेक्स टूसह वेगळा अर्ज करावा लागतो. घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी खरेदीआधीच निरंक करून दाखला घ्यावा. विजेची थकबाकीही तशीच, ती काही मर्यादेपर्यंत नव्या मालकाच्या गळ्यात येऊ शकते.

कर्जाचा बोजा आपल्याच नावावर चढत असेल तर त्याचीही नोटीस तीस दिवसांत नोंदवावी लागते, ते काम बँक करून घेते. राहिली जुन्या कागदांची साखळी : आधीची खरेदीखतं, वाटणीपत्र, हक्कसोडपत्रं. पूर्ण मिळकत घेतली असेल तर ती मूळ स्वरूपात मागायचा हक्क खरेदीदाराला आहे. विकणाऱ्यानं काही भाग स्वतःकडे ठेवून बाकीचा तुम्हाला दिला असेल तर मूळ कागद तो ठेवू शकतो. तेव्हा गरज पडेल तेव्हा ते हजर करण्याची त्याची कबुली खरेदीखतातच लिहून घ्यावी, आणि निबंधकाकडून प्रत्येकाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी.